गुप्तधनाचा हंडा

पूर्णा हें गाडी बदलण्याचें स्टेशन आहे. नांदेडकडून येणारा रूळ येथें दुभंगतो. एक फांटा परभणी, सेलू, जालना करीत मनमाडकडे जातो. दुसरा वसमत, हिंगोली, वाशीम या मार्गानें अकोल्यास पोंचतो. गाडी बदलावयाची म्हणजे वाट पाहणें आलें, आणि वाट पाहणारीं माणसें बोलूं लागतात. पाऊस, कापसाचा भाव, सोयरीक हे विषय संपले म्हणजे गोष्टी निघतात. आणि मराठवाड्यांत गोष्टी निघाल्या कीं त्यांत एक गोष्ट बहुधा ठरलेली असते. अमक्या गांवच्या पडक्या गढींत मोहरांचा हंडा पुरलेला आहे. त्यावर नाग बसला आहे. अमावास्येच्या रात्रीं हंड्याचा खणखणाट ऐकूं येतो. तो काढावयास गेलेला एक जण रक्त ओकून मेला, आणि दुसऱ्यानें मागितलेलें देणें दिलें म्हणून त्याचा आज दुमजली वाडा उभा आहे. सांगणारा मनुष्य बहुधा शहाणासुरता असतो. बाजारांत तो बैल घेईल तेव्हां दांत मोजून घेईल. पण हंड्याच्या गोष्टीला मात्र तो कोणताच पुरावा मागत नाहीं.

असें कां व्हावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय मनोरंजक वाटेल. पण तो निव्वळ मनोरंजक नाहीं. पूर्णेहून मनमाडच्या गाडींत बसलें म्हणजे परभणीच्या पुढें मानवत रोड नांवाचें स्टेशन लागतें. त्या मानवत गांवीं १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत एकामागून एक खून झाले. मारल्या गेल्या त्या स्त्रिया आणि लहान मुली होत्या. या खुनांच्या मुळाशीं पिंपळाखालच्या गुप्तधनाची समजूत होती, असें पुढें न्यायालयासमोर मांडण्यांत आलें. प्लॅटफॉर्मवर विडी ओढतां ओढतां सांगितली जाणारी गोष्ट आणि हे खून यांच्यामध्यें किती अंतर आहे, आणि तें अंतर माणसाचें मन कोणत्या पायऱ्यांनीं उतरतें, हें आपण शांतपणें पाहिलें पाहिजे.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणें कबूल करूं. जमिनींत धन असतें, ही समजूत मुळांत खोटी नाहीं. आज आपला पैसा बँकेंत असतो, म्हणून आपल्याला त्याचें आश्चर्य वाटतें. परंतु ब्रिटिश मुलखांत पोस्टाची बचत बँक निघाली ती १८८२ सालीं. आणि परभणी जिल्हा ज्या निजामी राज्यांत होता तेथें हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली ती १९४१ सालीं. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें सामान्य गृहस्थाची तिजोरी म्हणजे घरची जमीनच होती. सैन्यें येत, पेंढारी येत, दुष्काळांत घरेंच्या घरें परागंदा होत. अशा वेळीं मनुष्य हातांतलें सोनेंनाणें भांड्यांत घालून पुरी आणि निघून जाई. कांहीं परत येत; कांहीं येत नसत. जे येत नसत त्यांचें धन तेथेंच राही.

गोदावरीचें खोरें तर प्राचीन काळापासून व्यापाराचें. वरच्या अंगाला पैठण ही सातवाहनांची राजधानी. तिच्या दक्षिणेस तेर ही मोठी पेठ. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा जो सांठा मिळाला त्यांत तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं. तीं क्षहरात राजा नहपान याचीं होतीं, आणि त्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर त्याला जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. एका राजवंशाच्या पाडावाचा इतका स्पष्ट दाखला ताम्रपटांतहि क्वचित् सांपडावा. असे सांठे इतके वारंवार निघत कीं सरकारला १८७८ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी. कोणी मालक न ठरल्यास तीन हिस्से सांपडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा, असा त्याचा सामान्य नियम आहे. सारांश, हंड्याच्या गोष्टीच्या तळाशीं इतिहासाची खरी आठवण आहे.

आणि येथेंच मानसशास्त्राचा पहिला धडा आहे. विलक्षण समजुती बहुधा शून्यांतून जन्मत नाहींत. त्यांच्या पोटांत सत्याचा एक कण असतो, आणि त्या कणाच्या पतीवर बाकीचा सारा व्यवहार चालतो. "फलाण्याला नांगरतांना नाणीं सांपडलीं" ही बातमी खरी असूं शकते. त्या खऱ्या बातमीच्या बोटाला धरून "त्यानें बळी दिला म्हणून सांपडलीं" हें दुसरें वाक्य घरांत शिरतें, आणि पहिल्याच्या ओळखीवर त्यालाहि पाट मांडला जातो.

आतां ही दुसरी बाजू पाहा. आपल्याकडे गुप्तधनाचें एक संपूर्ण शास्त्रच तयार झालेलें आहे. पायाळू मनुष्याला, म्हणजे जन्मतांना ज्याचे पाय आधीं बाहेर आले त्याला, डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलें असतां जमिनींतलें धन दिसतें. धनावर नाग असतो किंवा पिंपळावरचा मुंजा असतो. धन जागा सोडून चालत जातें. काढतांना कोणी बोललें तर त्याचे कोळसे होतात. राखणदार जें मागेल तें दिल्याखेरीज तें हातीं लागत नाहीं.

या नियमांकडे जरा बारकाईनें पाहिलें असतां एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत येते. यांतील प्रत्येक नियम म्हणजे अपयशाचें आधींच तयार करून ठेवलेलें उत्तर आहे. खणलें आणि कांहीं मिळालें नाहीं? धन चालून गेलें असेल. कोळसेच निघाले? कोणी तरी बोललें असेल. अंजनांत कांहीं दिसलें नाहीं? मुलगा खरा पायाळू नसेल. धन तेथें मुळीं नव्हतेंच, हें एकच उत्तर या यादींत नसतें. इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानें आफ्रिकेंतील अझांडे लोकांच्या चेटकाविषयींच्या समजुतींवर १९३७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यालाहि हेंच दिसलें. अझांडे लोक बुद्धीनें मंद नव्हते. ते चांगले तर्कपटु होते. पण कौल चुकला तर विष बिघडलें असेल, कोणी निषेध मोडला असेल, दुसऱ्या कोणाचें चेटूक आड आलें असेल, असे तर्क ते समजुतीच्या आंत राहून चालवीत. समजुतीच्या बाहेर येऊन तिलाच तपासण्याची पाळी तर्कावर येतच नसे. आपला पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवरचा गृहस्थ याहून निराळा नाहीं, आणि शहरांत पत्रिका चुकली असतां "जन्मवेळ बरोबर नसेल" असें म्हणणारे आपणहि निराळे नाहीं.

परंतु गोष्ट सर्वकाळ सारख्याच जोरानें मनाचा ताबा घेत नाहीं. ती एरवीं वळचणीला पडून असते. विशिष्ट वेळींच उठते. ती वेळ कोणती? याचें एक सुंदर उत्तर मालिनोव्हस्की या संशोधकानें दिलें आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांत राहिला होता. तेथील कोळी किनाऱ्यालगतच्या शांत खाजणांत मासे मारीत तेव्हां मंत्रतंत्र कांहीं करीत नसत. तेथें मासळी हटकून मिळे. तेच लोक खुल्या समुद्रांत जावयाचे असले म्हणजे मात्र विधींवर विधी करीत. कारण तेथें जीवाचा धोका होता आणि मिळकतीची शाश्वति नव्हती. मनुष्य तोच, त्याची अक्कलहि तीच. फरक होता तो पायाखालच्या पाण्याचा. जेथें कौशल्याची हद्द संपते आणि भीति व आशा मात्र शिल्लक राहतात, तेथें मंत्र सुरू होतो.

हा नियम मनांत ठेवून १९७२ सालाकडे या. त्या वर्षीं महाराष्ट्रांत पडलेला दुष्काळ त्या पिढीनें पाहिलेल्या दुष्काळांत सर्वांत भयंकर होता. विहिरी आटल्या, गुरें कवडीमोल विकलीं गेलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणारांची संख्या सुमारें पन्नास लाखांवर गेली होती. मराठवाड्याची शेती बहुतांशीं पावसाच्या पाण्यावर. पूर्णा नदीवर येलदरीचें धरण १९६८ च्या सुमारास पुरें झालें होतें खरें. पण गोदावरीवरील जायकवाडीचें उद्‌घाटन व्हावयास १९७६ साल उजाडावें लागलें. शेतकऱ्याचें सारें कौशल्य अशा वेळीं आभाळाच्या दारांत अडून बसतें. दुष्काळानें खून करविले, असें मी म्हणत नाहीं. लक्षावधि लोकांनीं तोच दुष्काळ खडी फोडून, उपास काढून, माणुसकी न सोडतां सोसला. माझें म्हणणें इतकेंच कीं वळचणीला पडलेल्या गोष्टी उठाव्यात अशी ती हवा होती.

मानवतच्या प्रकरणाचा तपशील भयानक आहे. तो घरांत, मुलांबाळांसमोर सांगण्याजोगा नाहीं, आणि आपल्या विषयाला त्याची गरजहि नाहीं. गांवांतील स्त्रिया व मुली एकामागून एक नाहींशा होत, आणि मग त्यांचीं प्रेतें मिळत. स्थानिक पोलिसांना धागा सांपडेना, तेव्हां मुंबईचे प्रसिद्ध पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपास आला. फिर्यादी पक्षाचें म्हणणें असें होतें कीं पिंपळाखालचें धन हातीं यावें आणि अपत्यप्राप्ति व्हावी, या दुहेरी आशेनें हे बळी देवविले गेले. खटला सत्र न्यायालयांतून उच्च न्यायालयांत व तेथून सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९७७ सालीं शेवटचा निकाल लागला. कांहीं आरोपींना शिक्षा झाल्या, कांहीं निर्दोष सुटले. कोणाचा दोष किती, हें ठरविणें न्यायालयाचें काम होतें, आणि तें न्यायालयानें केलें. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे. एक बळी देऊन धन मिळालें नाहीं. मग दुसरा कां? दुसऱ्यानेंहि मिळालें नाहीं. मग तिसरा कां? साध्या व्यवहारांत दोनदां बुडालेला सौदा मनुष्य तिसऱ्यांदां करीत नाहीं. मग येथें अपयशानें समजूत ढिली न होतां अधिक घट्ट कां झाली?

माझ्या मतें विलक्षण समजुतींच्या साऱ्या इतिहासांतील कळीचा प्रश्न हाच आहे. त्याचीं तीन उत्तरें देतां येतात.

पहिलें उत्तर असें कीं मनुष्य घडलेल्या गोष्टी मोजतो, न घडलेल्या मोजीत नाहीं. इंग्लंडांतील तत्त्ववेत्ता फ्रान्सिस बेकन यानें १६२० सालच्या आपल्या ग्रंथांत एक जुनी गोष्ट दिली आहे. देवळांत कोणाला तरी चित्रें दाखविण्यांत आलीं: नवस केल्यामुळें जहाज फुटूनहि वांचलेल्या लोकांचीं. "आतां तरी देवाचें सामर्थ्य मानाल ना?" असें विचारतां तो म्हणाला, "पण नवस करूनहि जे बुडाले त्यांचीं चित्रें कोठें आहेत?" बळी देऊन ज्याला धन मिळालें अशा एका कल्पित माणसाची गोष्ट दहा तालुक्यांत फिरते. बळी देऊन ज्याला कांहीं मिळालें नाहीं तो मात्र तोंड मिटून बसतो, कारण बोलणें म्हणजे गुन्ह्याची कबुली. त्यामुळें समाजाच्या कानांवर एकच बाजू येते.

दुसरें उत्तर असें कीं योगायोगांतून कार्यकारणभाव जोडण्याची खोड आपल्या मनाच्या फार खोल थरांत आहे; इतकी कीं ती पांखरांतहि दिसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यानें १९४८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ भुकेलीं कबुतरें पिंजऱ्यांत ठेवून त्यांना ठराविक अंतरानें, तीं कांहींहि करोत, दाणे मिळतील अशी व्यवस्था केली. थोड्याच काळांत त्यांपैकीं सहा कबुतरांना एकेक चाळा जडला. एक गोल फिरे, एक मान वर झटकी. दाणे येण्याच्या क्षणीं जी हालचाल सहज घडली होती, तिनेंच दाणे येतात अशा थाटांत तीं ती पुन्हां पुन्हां करूं लागलीं. दाणे आपल्या वेळेला येतच होते, म्हणून चाळा खोटा ठरण्याची वेळ कधींच आली नाहीं. नारळ फोडल्यावर चार दिवसांनीं पाऊस आला म्हणजे आपलेंहि तसेंच होतें. पाऊस यावयाचाच असतो. श्रेय नारळाला मिळतें.

तिसरें उत्तर सर्वांत महत्त्वाचें, आणि मानवतच्या प्रश्नाला तेंच अधिक लागू पडतें. ज्या गोष्टीसाठीं आपण जबर किंमत दिली ती गोष्ट निष्फळ होती, हें कबूल करणें मनाला असह्य होतें. १९५९ सालीं ॲरन्सन आणि मिल्स या दोघां अमेरिकन संशोधकांनीं कांहीं विद्यार्थिनींना एका चर्चामंडळांत घेण्यापूर्वीं लाजिरवाण्या परीक्षेंतून जावयास लावलें; इतरांना सौम्य परीक्षा दिली किंवा कसलीच दिली नाहीं. मंडळांतील चर्चा मुद्दाम अगदीं रटाळ ठेवलेली होती. जिनें अधिक सोसलें होतें तिला तीच चर्चा अधिक चांगली वाटली! सोसणें फुकट गेलें म्हणण्यापेक्षां मिळालें तें मोलाचें होतें म्हणणें मनाला सोपें जातें.

आतां गुप्तधनाची शिडी पाहा. प्रथम मांत्रिक लिंबू-नारळ मागतो. धन मिळत नाहीं. येथें मनापुढें दोन वाटा असतात: गोष्ट खोटी म्हणावी, किंवा देणें कमी पडलें म्हणावें. लिंबू-नारळाचा खर्च तो काय. येथून मागें फिरणें सोपें आहे, आणि बहुतेक लोक फिरतातहि. पण जो फिरला नाहीं तो कोंबडें देतो, मग बकरें देतो, मग दागिना गहाण ठेवतो. प्रत्येक पायरीवर मागें फिरण्याची किंमत वाढलेली असते, कारण मागें फिरणें म्हणजे आजवरचें सारें व्यर्थ गेलें असें स्वतःच्या तोंडानें म्हणणें. आणि ज्या दिवशीं या शिडीवर मनुष्यहत्या येते, त्या दिवशीं परतीचा दोर कापला जातो. कारण त्यानंतर "धन नव्हतेंच" या वाक्याचा अर्थ "मीं एका निरपराध लेंकराला विनाकारण मारलें" असा होतो. तें वाक्य स्वतःशीं उच्चारण्यापेक्षां "अजून एक कमी पडला" हें म्हणणें त्या मनाला सोपें वाटतें. अपयशानें समजूत मरत नाहीं, उलट रक्ताला चटावते, ती अशा रीतीनें. मानवतच्या आरोपींच्या अंतःकरणांत काय चाललें होतें याचा साक्षीदार मी नाहीं. पण खुनांची मालिका एकावर न थांबतां वर्षभर कां चालली, याचा उलगडा मला याहून चांगला सुचत नाहीं.

येथें आपल्यापैकीं कोणी म्हणेल कीं हें सारें अडाणी खेड्यांतलें. शिक्षणानें तें जाईल. मला तितकी खात्री नाहीं. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणाऱ्या न्यूटननें आपल्या आयुष्याचीं कित्येक वर्षें किमयेच्या नादांत घालविलीं. आणि फार दूर कशाला जावें? २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपतीच्या मूर्ति दूध पितात म्हणून देशभर ज्या रांगा लागल्या त्या खेड्यांपेक्षां शहरांतच अधिक बोलबाल्याच्या होत्या, आणि त्यांत पदवीधरांना तोटा नव्हता. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळून दाखवून दिलें कीं पृष्ठताणामुळें चमच्यांतलें दूध ओढलें जाऊन मूर्तीवरून पातळ ओघळानें खालीं उतरतें. शिक्षण मनुष्याला अधिक माहिती देतें. पण आपल्या आवडत्या समजुतीचें वकीलपत्र घेण्याचें कौशल्यहि तेंच देतें. प्रश्न साक्षरतेचा नसून संवयीचा आहे.

मग उपाय काय? कायदा पाहिजेच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं त्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला; त्यानंतर चारच दिवसांनीं अध्यादेश निघाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें नरबळी व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचींत गुप्तधनाच्या आणि पाण्याच्या शोधासाठीं केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गुप्तधनाशेजारींच पाण्याचा शोध कायद्यांत यावा, ही गोष्ट मराठवाड्यांतल्या माणसाला कांहीं समजावून सांगावयास नको.

दुसरा उपाय मालिनोव्हस्कीच्या कोळ्यांनीं सुचविलेला आहे: पायाखालचें पाणी उथळ करावें. १९७२ च्या दुष्काळांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. हाताला काम, शेताला पाणी आणि आजाऱ्याला औषध यांची जितकी शाश्वति वाढेल, तितकी मांत्रिकाच्या धंद्यास गिऱ्हाइकें कमी. नुसत्या उपदेशानें हें होणार नाहीं. घाबरलेल्या माणसाला तर्कशास्त्र शिकविण्यापेक्षां त्याची भीति कमी करणें हें अधिक गुणकारी.

तिसरा उपाय मात्र ज्याचा त्यानें, आपापल्या घरीं करावयाचा आहे. आणि तो पहिल्याच पायरीवर केला पाहिजे, कारण पुढें तो होत नाहीं. अंगाऱ्याची पुडी असो, ग्रहशांति असो, पैसे दुप्पट करून देणारी योजना असो. हात खिशांत घालण्यापूर्वीं स्वतःला एक प्रश्न विचारावा: काय घडलें म्हणजे हें खोटें असें मी मानीन? उत्तर कागदावर लिहून घरांतल्या दुसऱ्या माणसाजवळ ठेवावें. ज्या समजुतीबद्दल असें उत्तर देतांच येत नाहीं, तिला पहिला नारळहि देऊं नये.

मनमाडकडे जाणारी गाडी मानवत रोडला थोडा वेळ थांबते आणि पुढें निघते. त्या गांवच्या मारल्या गेलेल्या मुलींपैकीं ज्या जगत्या, त्या आज साठीच्या घरांत आल्या असत्या. नातवंडांना घेऊन याच गाडीनें गेल्या असत्या. त्या पिंपळाखालून कोणाच्याहि हातीं एक मोहर लागली नाहीं.